गीत रुग्णाचे, सूर रुग्णाचा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



संगीतोपचार हा शब्द उच्चारताच अनेकांच्या मनासमोर एक तक्ता उभा राहतो : अमुक व्याधीवर अमुक राग. रागसंगीताविषयी मला नितांत आदर आहे. परंतु अशा तक्त्यांना रुग्णांवरील काटेकोर प्रयोगांचा पुरेसा आधार नाही, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो. गीताची निवड व्याधीच्या नावावरून नव्हे, रुग्णाच्या आयुष्यावरून करावयाची असते. आपल्या एटापल्लीत तर हे पदोपदी जाणवते.

या तालुक्यात माडिया आहे, गोंडी आहे, मराठी आहे. छत्तीसगढी आणि तेलुगूही कानी पडते. शेजारच्या मुलचेरा तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना साधारणतः वयाच्या 10 ते 30 वर्षांदरम्यान ऐकलेली गाणी दीर्घकाळ साथ देतात, असा सर्वत्र अनुभव आहे. आज ऐंशी ओलांडलेल्या, रेडिओच्या घरात वाढलेल्या एखाद्या निवृत्त मराठी शिक्षकासाठी 1955 साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ अमृत ठरेल. पूर्व विदर्भातील शेतकऱ्याला झाडीपट्टीची दंडार आठवेल. पण त्याच वयाच्या माडिया आजीच्या तारुण्यात रेडिओ नव्हता. तिथे गोटुलाचे अंगण होते, हातात हात गुंफलेले रिंगण होते आणि एकीने उचललेली ओळ साऱ्याजणींनी झेलायची, असा रेला होता. तिच्यापुढे आपण मोठ्या प्रेमाने मराठी भक्तिगीत लावले, ती शांत बसली, आणि आपण तिला ‘लाभ झाला’ असे लिहून ठेवले, तर ते फसवे ठरेल. ती केवळ सौजन्याने गप्प असेल. ओठ हलले का, बोटांनी ताल धरला का, नजर वर आली का, हे पाहावे लागते.

रेला निवडला म्हणजेही काम संपले असे नाही. लग्नाचे गीत, देवाचे गीत, मृत्युप्रसंगीचे गीत यांना आपापले स्थान आणि काळ असतो. मरणप्रसंगीचे सूर नकळत रुग्णशय्येपाशी वाजले, तर घरच्यांना काय वाटेल? म्हणून घरातील व गावातील जाणत्यांना आधी विचारावे. ज्या गावांनी वर्षानुवर्षे बंदुकीचे आवाज ऐकले, तेथे ढोलाचा पहिला ठोकाही हळुवार हवा.

आता गीत जुळवून घेण्याविषयी. पहिली गोष्ट पट्टीची. वय वाढते तसा आवाज खाली येतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना उतारवयात पांढरी चार, कधी त्याहून खालची पट्टी सोसते. ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीशी त्यांची ओढाताण करण्यापेक्षा पेटी घेऊन आपणच खाली उतरावे. दुसरी गोष्ट लयीची. कंपवाताच्या रुग्णास चालण्याचा सराव द्यावयाचा असेल, तर प्रथम त्याची मिनिटाला किती पावले पडतात ते मोजावे. ती 80 असतील, तर गीत तेवढ्याच लयीत सुरू करून मग 84, पुढे 88 असे सावकाश वाढवावे. ठेका केरवा असावा. आठ मात्रांत डावे-उजवे पाऊल सुखाने बसते. दादऱ्यात प्रत्येक मात्रेला पाऊल टाकले, तर जोर एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर येतो. निरोगी माणूस ते सहज निभावतो. अडखळणाऱ्याची त्रेधा उडते.

शब्दांचा प्रश्न नाजूक आहे. अर्धांगवायूने वाचा गेलेला रुग्ण कधी कधी ओळखीचे गाणे शब्दांसह गातो. याच निरीक्षणातून 1973 साली अमेरिकेत दोन-तीन सुरांवर छोटी वाक्ये गाऊन, डाव्या हाताने ताल देत, बोलणे परत शिकविण्याची पद्धत मांडली गेली. गाणे म्हणता येणे म्हणजे बोलता येणे नव्हे. त्यासाठी आठवड्यांमागून आठवडे सराव लागतो. तेथे सुरावर बसवायचे शब्द रुग्णाच्या गरजेचे आणि त्याच्याच भाषेतले हवेत. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. ज्याला आयुष्यभर येर मागायची सवय, त्याला ‘पाणी’ गायला लावणे म्हणजे आजारपणात नवी भाषा शिकविणे होय.

मात्र परंपरागत गीताचे शब्द बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे; व्यसनमुक्तीच्या सत्रात मोहाच्या दारूचा उल्लेख असलेले गीत नको वाटेल. मग दुसरे गीत घ्यावे. त्यातील शब्द खोडून उपदेश घालण्याचा अधिकार आपणास नाही. आपण स्वतः णमोकार मंत्रातील एक अक्षरही कोणास बदलू देणार नाही! त्या मंत्राचेच पाहा : 9 वेळा जप 27 श्वासोच्छ्वासांत, ही कायोत्सर्गातील परंपरा. आपल्या घरातील आजोबांचा श्वास घाबरा होत असेल, तर हा कंठस्थ, संथ पाठ त्यांना सोबत करील. औषध अर्थात चालूच ठेवावे. तोच पाठ मिश्र समुदायाच्या सत्रात सर्वांवर लादणे योग्य नव्हे.

आणखी एक. दुःखी माणसाला लगेच उल्हासाचे गाणे देण्याची आपल्याला घाई असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी 1940 च्या दशकातच याच्या उलट सांगितले : प्रथम रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत द्यावे, मग हळूहळू वळवावे. आपल्याकडे समाचाराला आलेली शेजारीण आधी शेजारी बसून रडते, नंतर दोन घास भरवते. तिला हे कोणी शिकविलेले नसते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांना दुकानाच्या गल्ल्यावर बसून माडिया बोलता येते. आठवडी बाजारात आजी-आजोबा तुम्हांला नावाने ओळखतात. उपचारकाला हे भाग्य लाभत नाही. रुग्ण असलेल्या घराशी तुमचा परिचय असेल, तर त्यांच्या संमतीने एवढे विचारून ठेवा : तरुणपणी कोणते गीत गात होता, ते कोण उचलत असे, आणि कोणते गीत आता ऐकवू नये. एका वहीत लिहा. शक्य असल्यास घरच्यांच्या आवाजात भ्रमणध्वनीवर मुद्रितही करा. पुढील सत्राला मी ती वही घेऊनच बसेन.