हिव, दवाळ आणि पंचनामा
(आसेगाव येथील बैठकीतील भाषण)



आपल्याकडे हिव म्हणजे थंडी, आणि अंगात भरलं की तापही. पण फुलावरची तूर एका रात्रीत करपली, की आपण कुणी दवाळ म्हणतो, कुणी धुवारी. हे दोन एक नव्हेत. धुवारी म्हणजे धुकं. ते जमिनीची ऊब पांघरुणासारखी धरून ठेवतं, पण ओलीनं बुरशी वाढवतं. आभाळ निरभ्र आणि वारा बंद असला की ऊब निघून जाते, दव पानावरच गोठतं, पानातलं पाणी गोठून पान काळं पडतं. खोलगट वावरात आधी. तिथं संध्याकाळचं ओलित, पहाटेचा धूर कामाचा. बुरशीला धूर काय करणार?

आता सरकारचा शब्द ऐका. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट २०१२ साली शिरली. आपल्या राज्याच्या कागदात ती 'कडाक्याची थंडी'. तिथं दवाळ नाही; केंद्राच्या यादीत मात्र ते थंडीच्या लाटेसोबत 'फ्रॉस्ट' म्हणून आहे. नुकसान ३३ टक्के लागतं. २०१५ पूर्वी ५० लागायचं. तलाठ्यानं (२०२४ पासून तो ग्राम महसूल अधिकारी, पण आपण तलाठीच म्हणतो) गोठलेल्या तुरीपुढं 'धुके' लिहिलं, तर मदत अडते. सही करण्याआधी कारणाचा रकाना आपण मोठ्यानं वाचून घ्यायचा.