‘पूर्वी करायचा, आता करत नाही’



 १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर बहरले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा आग्रह. आपला आजचा विषयही मुलापर्यंत पोचण्याचाच आहे.

स्वमग्न मुलगा वयात येतो, नैराश्य किंवा उन्माद त्याला घेरतो, आणि त्याचे वागणे पालटते. तोंडाशी नेलेला घास हातातच राहतो. उंबऱ्यात पाय अडतो, तो ना आत येत ना बाहेर जात. बोलणे आटते, कधी अचानक खवळतोही. घरचे म्हणतात हट्ट, शेजारी म्हणतात बाहेरची बाधा, दवाखान्यात म्हणतात स्वमग्नता वाढली. हा कॅटाटोनिया असू शकतो. कार्ल कालबाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८७४ मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेवर आज उपचार आहेत.

लोराझेपाम हे औषध दिल्यावर कित्येकदा थोड्याच वेळात अंग मोकळे होऊ लागते. स्वमग्न व्यक्तींत गुण अपुरा पडला, तर विजेचे उपचार उपयोगी ठरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार ते भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय करता येत नाहीत. अल्पवयीनांसाठी पालकांची संमती आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. मुळातल्या मनोविकाराचे उपचारही सोबत हवेतच. मात्र भ्रम-भासांवरची काही औषधे या अवस्थेत घातक ठरू शकतात. ताप चढला, अंग ताठरले किंवा अन्नपाणी तुटले, तर रुग्णालयात नेण्यास क्षणभरही थांबू नये.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय आणि तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडच्या फ्रिजमध्ये लोराझेपामचे इंजेक्शन कायम असावे. आणि ‘पूर्वी स्वतः जेवायचा, आता जेवत नाही’ हे आईचे वाक्य केसपेपरवर सर्वांत वर लिहिले जावे. निदानाची सुरुवात तिथूनच होते. भगतांनाही आपण सन्मानाने सोबत घेऊ, कारण अनेक कुटुंबे आधी त्यांच्याकडेच जातात. सल्ल्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक पाड्यावर माहीत व्हावा.

परिषदेतून उठताना ही जबाबदारी आपण वाटून घेऊ.