सायरन ऐकू येण्याआधी

कामानिमित्त तीन वर्षं मी जर्मनीत गाडी चालवली. तिथल्या शिस्तीचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलंय, ते सोडतो. एकच नियम सांगतो. महामार्गावर वाहतूक मंदावली, की सगळ्यात डाव्या लेनमधल्या गाड्या आणखी डावीकडे सरकतात, बाकीच्या उजवीकडे. मध्ये रुग्णवाहिकेपुरती वाट राहते. ती येणार की नाही, कुणालाच ठाऊक नसतं, तरी सरकायचं. नाहीतर किमान २०० युरो दंड.

आपला कायदा काही मऊ नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेची वाट अडवली तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, असं त्यात लिहिलंय. पण आपण हलतो सायरन ऐकल्यावर. तोवर गाडीला गाडी चिकटलेली असते. बोरघाटातल्या कोंडीत मागे रुग्णवाहिका ओरडते आणि पुढचा हात बाहेर काढून विचारतो, ‘कुठे जाऊ?’ त्याचंही खरंच असतं.

म्हणून दंड वाढवण्याऐवजी लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न घाला: गाड्या थांबू लागल्या की कुठे सरकायचं? आपण डावीकडून चालवतो, तेव्हा एक्सप्रेसवेवर सगळ्यात उजवी लेन उजवीकडे, बाकीच्या डावीकडे. मोकळी वाट दिसली की कुणीतरी घुसेलच, ही अडचण आहेच. तरी पुढच्या कोंडीत करून पाहा. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या.