झाडांच्या आळ्यात लाकडाच्या ढलप्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय साधा आहे. आरागिरणीत आणि सुताराच्या दारात पडून असणाऱ्या ढलप्यांचा आपल्या परसबागेला काय उपयोग, एवढेच मला सांगावयाचे आहे.

यवतमाळकरांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, तेव्हा शहराची काय दैना झाली ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाणी भरण्याचे काम बहुधा बाईच्याच वाट्याला येते. मग हातातला तांब्या घरात ठेवावा की मोगऱ्याला घालावा, हा प्रश्नही तिलाच पडतो.

परंतु घातलेले पाणी झाडाला मिळते किती? पारा ४४-४५ अंशांवर गेला की उघडी माती तापते, भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. भात शिजताना आपण झाकण ठेवतो. आळ्यालाही झाकण हवे. अंगण झाडून लख्ख ठेवावे, ही आपल्या आयांची शिकवण योग्यच आहे. मात्र अंगणाचा नियम आळ्याला लावू नये. आळ्यातला पाचोळा झाडून जाळणे म्हणजे झाडाचे पांघरूण आणि पुढचे खत दोन्ही जाळणे होय.

कृती अशी. प्रथम तण काढून भरपूर पाणी द्यावे. मग दोन-तीन इंच जाडीचा ढलप्यांचा थर पसरावा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते. ढलप्या मातीत मिसळू नयेत. लाकूड कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतले नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळे पडते. वरच राहिल्या तर हा त्रास जवळजवळ होत नाही. बारीक भुशाचा थर दाबून बसतो व पाणी वरूनच वाहून जाते. म्हणून ढलप्या किंवा रंध्याचे छिलके बरे. रंगविलेले लाकूड आणि प्लायवूडचे तुकडे मात्र नकोत. वाळवीच्या भयास्तव थर घराच्या भिंतीपासून दूर ठेवावा. पावसाळ्यात त्याखाली विंचू बसण्याचा संभव असतो. तेव्हा हाताने न उचकता खुरप्याने उचकावे. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात ढलप्या घालू नयेत, बारीक कोंब वर येत नाहीत.

आपला जिल्हा सागाचा. सागाचे लाकूड सावकाश कुजते, म्हणून त्याचा थर पुष्कळ दिवस टिकतो. मातीला कस देण्याच्या कामी मात्र कोवळ्या फांद्या अधिक चांगल्या. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठातील अभ्यासकांनी बारीक फांद्यांच्या ढलप्यांवर प्रयोग केले. झाडाचे पोषक अंश खोडापेक्षा अशा फांद्यांत अधिक असतात. तेव्हा जास्वंद, कडुनिंब छाटला की फांद्या फेकू नका, कोयत्याने बारीक करा.

खेड्यातील भगिनींकडे पऱ्हाटी आहे. चुलीपुरती ठेवून उरलेली धुऱ्यावर पेटवून देण्याऐवजी तिचे तुकडे करावेत. मात्र त्याआधी राहिलेली बोंडे वेचून नष्ट करावीत. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते, आणि २०१७ साली तिने आपल्या कपाशीचे काय केले ते विसरण्याजोगे नाही.

आपल्याच जिल्ह्यातील श्री. सुभाष शर्मा यांना नैसर्गिक शेतीबद्दल २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. माती आणि पाणी जपण्याचे जे काम त्यांनी शेतात केले, त्याचा एक लहानसा भाग आपल्याला चार कुंड्यांतही करता येईल.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. चैत्रात दोन सारखी झाडे निवडा. एकाचे आळे झाका, दुसऱ्याचे उघडे ठेवा आणि दोघांना सारखेच पाणी द्या. चौथ्या दिवशी दोन्हीकडे बोटभर माती उकरून पाहा. जिथे ओल सापडेल, तिथे तुमची एक खेप वाचली असे समजा.