दूरच्या चंद्रावरील बर्फाची पारख

पावसाळा सरून आभाळ निवळले म्हणजे धारगळच्या माळावरून गुरू ग्रह सहज ओळखता येतो. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून त्याचे चार मोठे उपग्रहही ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांपैकी युरोपावर पाण्याचा बर्फ पसरलेला आहे. गुरू आपल्या अगदी जवळ येतो तेव्हाही हे अंतर सुमारे ६० कोटी किलोमीटर असते. मग तेथला बर्फ पारखला कोणी? उत्तर असे की, प्रकाशानेच पारखला.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथे तापमापक ठेवला. पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. पुष्कळ पदार्थ या किरणांतील ठराविक लहरी शोषून घेतात व बाकीच्या परतवितात. पाण्याचा बर्फ १.५ आणि २ मायक्रॉनच्या आसपासच्या लहरी शोषतो. युरोपावरून परतलेल्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात अशाच जागी खळगे आढळले, आणि १९७२ साली पिल्चर, रिजवे व मॅकॉर्ड यांनी तेथील बर्फाची ओळख पटविली.

ही परीक्षा धारगळहून मात्र साधणार नाही. समुद्रकाठच्या दमट हवेतील बाष्प या किरणांचा मोठा भाग वाटेतच अडविते. म्हणूनच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेले, १ ते २.५ मायक्रॉनचा वर्णपट टिपणारे उपकरण २०१३ साली लडाखमधील हान्ले येथील दुर्बिणीवर बसविण्यात आले. तेथे उंची सुमारे ४,५०० मीटर, आणि हवा कोरडी.

परंतु खळगा दिसला म्हणजे पदार्थ कळलाच, असे नव्हे. १९९५ ते २००३ या काळात गॅलिलिओ यान गुरूभोवती फिरले. युरोपावर काही ठिकाणी बर्फाचे खळगे वेडेवाकडे दिसले. हे पाणी धरून ठेवलेले क्षार आहेत, असे काहींनी म्हटले. हे गंधकाम्ल आहे, असे इतरांनी. वाद क्षुल्लक नव्हता. क्षार असतील, तर ते बर्फाखालच्या समुद्रातून वर आलेले असू शकतात. आम्ल असेल, तर त्यातील गंधक शेजारच्या आयोच्या ज्वालामुखींतून आलेले असू शकते. समुद्र जीवनास पोषक आहे काय, हा प्रश्न या निवाड्यावर बराच अवलंबून आहे.

आपल्या चंद्राबाबतही हाच अनुभव आला. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरील अमेरिकन उपकरणाने ३ मायक्रॉनजवळ शोषण टिपले व २००९ साली ते जाहीर झाले. पण तेथे पाणी आणि हायड्रॉक्सिल या दोहोंच्या खुणा एकमेकींत मिसळतात. म्हणून पुढे आणखी मोजणी करावी लागली.

२०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीने युरोपाच्या तारा रेजिओ या खडबडीत प्रदेशात कार्बन डायॉक्साइड अधिक असल्याचे दाखविले. त्यातील कार्बन आतील समुद्रातून आला असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान अवरक्त वर्णपटमापक घेऊन २०३० साली गुरूपाशी पोहोचावयाचे आहे. साक्षीदार तोच, प्रकाश. उलटतपासणी मात्र जवळून होईल.