लग्नाचा छायाचित्रकार

लग्न ठरलें म्हणजे दोन्हीं घरचीं मंडळी कार्यालय, आचारी, वाजंत्री यांची कसून चौकशी करितात. छायाचित्रकार मात्र बहुधा एखाद्या आप्ताच्या शब्दावर, किंवा गुळगुळीत कागदावरील दहा मोहक चित्रें पाहून ठरविला जातो. मुंबईंत छायाचित्रकारांचें मंडळ १८५४ सालींच स्थापन झालें होतें; परंतु त्या काळीं काचेवर चित्र उमटेपर्यंत माणसांस निश्चल बसावें लागे, आणि चालू विधीचें चित्र घेणें जवळजवळ अशक्यच असे. आज सेकंदाच्या शंभराव्या भागांत चित्र निघतें. अडचण यंत्राची उरलेली नाहीं, माणसाची आहे.

दहा निवडक चित्रें कोणीहि दाखवील. त्याऐवजीं एकाच लग्नाचीं, आरंभापासून अखेरपर्यंतचीं सर्व चित्रें मागावीं, आणि त्यांत प्रथम अंतरपाट दूर होतो तो क्षण शोधावा. शेवटचें ‘सावधान’ उच्चारलें जातें, अंतरपाट बाजूस होतो, अक्षतांचा वर्षाव होतो, माळा गळ्यांत पडतात. सारें निमिषांत आटोपतें. नेमके त्याच वेळीं मोबाइल उंचावून पाहुणे पुढें सरसावतात. ज्यास विधींचा क्रम ठाऊक आहे तो आधींच अंतरपाटाच्या कडेस, दोन्ही मुखें दिसतील अशा जागीं उभा असतो. इतरांच्या चित्रांत पाहुण्यांच्या पाठी येतात. मग कांहीं जण सप्तपदीचीं पावलें पुन्हां टाकावयास लावितात आणि भटजींस थांबवितात! अशा गृहस्थास दुरूनच नमस्कार करावा.

दुसरी परीक्षा होमाची. समोरून प्रखर दिवा टाकला तर धूरच उजळून निघतो आणि वधूवर पांढुरक्या पडद्याआड जातात. जाणता माणूस बाजूच्या प्रकाशावर काम भागवितो.

याहून गंभीर गोष्ट वर्णाची आहे. पुष्कळ ठिकाणीं सांवळ्या वधूस न विचारतां संगणकावर गोरी करून टाकितात. पुढें तिच्या मुलींनीं तें चित्र पाहावें आणि आईस ओळखूं नये, यापरता अपमान कोणता? पूर्वीच्या कामांत सर्व वधू एकाच रंगाच्या दिसत असतील, तर दर कितीहि कमी असो, तेथून उठावें.

व्यवहार लेखी असावा: प्रत्यक्ष कोण येणार, किती वेळ थांबणार, चित्रें कधीं देणार, मूळ प्रती मिळणार कीं नाहीं, आणि त्या दोन ठिकाणीं जपून ठेवणार काय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढविणाराच असतो. यास्तव सही करण्यापूर्वीं कराराचीं बारीक अक्षरें वाचावीं. उलट करार बहुधा तेथेंच दडलेला असतो.

राहतां राहिली घरची जबाबदारी. छायाचित्रकारास नातीं ठाऊक नसतात. कोपऱ्यांतील खुर्चीवर बसलेली नऊवारींतली वृद्धा वधूची आजी आहे, हें त्यास कोण सांगणार? घरांतील एक जाणतें माणूस त्याच्यासोबत द्यावें, आणि वडीलधाऱ्यांचीं चित्रें पहिल्या पंगतीपूर्वींच उरकावीं. कारण जेवण होतांच आजीला घरीं नेण्यासाठीं दारांत गाडी उभी असते.