एकोणनव्वद की नवासी?
सीमाभागातील गणितशिक्षकाचे शिक्षण

पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींचा मुलूख नकाशात मध्यप्रदेशात दाखविलेला आहे. परंतु तेथील घराघरांतून, आठवड्याच्या बाजारातून आणि संत्र्यांच्या बागांतून कानांवर पडते ती बहुधा मराठी. शाळेत पाऊल टाकताच मात्र मुलाची भाषा बदलते. बहुतेक शाळांचे माध्यम हिंदी आहे, गणिताचे पुस्तक हिंदीत आहे आणि पाढेही हिंदीतच म्हणावयाचे असतात. असा मुलूख ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला म्हणजे कचेऱ्या नव्या होतात, अधिकारी नवे येतात. शाळेतील गणिताच्या शिक्षकालाही त्यातून काही नवे मिळावयास हवे. आणि काय मिळावे याचा विचार एका साध्या संख्येपासून सुरू करता येतो. ती संख्या म्हणजे ८९.

पहिली-दुसरीच्या वर्गात शिक्षक 'नवासी' म्हणतात आणि मुलांनी तो आकडा पाटीवर लिहावा अशी अपेक्षा असते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते, त्याच्या मनात 'नवासी' या शब्दासरशी नव्वद किंवा नव्याण्णव हे ओळखीचे शब्द जागे होतात आणि हात तिकडे वळतो. पाटीवर चुकीचा आकडा उमटतो. शिक्षक त्यावर काट मारतात आणि मूल गणितात कच्चे ठरते. वास्तविक ते मूल गणितात चुकलेलेच नसते. ते दोन भाषांच्या मध्ये अडखळलेले असते.

यात भाषेचा भाग आहे तसा गणिताचाही आहे. पुस्तकी मराठीत या संख्येस एकोणनव्वद म्हणतात. एकोण म्हणजे एकाने उणे. नव्वदातून एक वजा केला की जे उरते ते एकोणनव्वद. हिंदीतील नवासी म्हणजे ऐंशी आणि नऊ. एकाच संख्येकडे मराठी वजाबाकीने पोचते आणि हिंदी बेरजेने. एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. हिंदीतही उन्नीस, उनतीस अशी वजाबाकीचीच नावे आहेत. ८९ वर येताच त्या एकमेकींपासून फुटतात आणि ९९ वर मराठीही वजाबाकी सोडून नव्याण्णव म्हणू लागते. शिक्षकास एवढे ठाऊक असेल, तर ज्या ठिकाणी मूल अडखळते तेथेच बेरीज, वजाबाकी आणि दशक यांचा एक उत्तम पाठ तयार होतो. ठाऊक नसेल, तर तेथे फक्त काट उमटते.

संख्यानामांचा हा प्रश्न एकट्या सीमाभागाचा नाही. २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी नावे आली, तेव्हा मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. जोडाक्षरांनी भरलेली आणि एकक आधी उच्चारणारी मराठी नावे लहान मुलांस जड जातात. कानडी, तेलुगू आणि इंग्रजी या भाषांत दशक आधी येते, त्यामुळे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एक राहतो, अशी ती भूमिका होती. टीकाकारांना त्यात भाषेची हानी दिसली. कोणाची बाजू बरोबर हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट त्या वादाने सर्वांच्या ध्यानात आणून दिली. संख्येचे नाव हा गणित शिकण्याच्या वाटेवरील खरा अडसर असू शकतो. एका भाषेत शिकणाऱ्या मुलांची जर ही कथा, तर घरी एक आणि शाळेत दुसरी नावे ऐकणाऱ्या पांढुर्ण्याच्या मुलाची गोष्ट काय सांगावी?

आता प्रश्न असा की, हे शिक्षकाने शिकावे कोठे?

पूर्वी या भागाचे तोंड नागपूरकडे होते. १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानीच नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांस राजभाषेचा मान होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. तेव्हापासून येथील शिक्षकास परिपत्रके भोपाळहून येतात. नागपूर जवळ असूनही कारभाराच्या दृष्टीने ते दुसऱ्या राज्यातील शहर झाले.

शिक्षकांच्या शिक्षणाचे प्रयत्न मात्र या काळात थांबले नाहीत. १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. १९६३ पासून विज्ञान व गणित यांच्या शिक्षकांसाठी विद्यापीठांतून उन्हाळी वर्ग भरू लागले. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात असे सुचविले, की प्रत्येक शिक्षकास नोकरीच्या दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे संगणकीय व्यासपीठ आणि २०१९ मध्ये 'निष्ठा' ही शिक्षकप्रशिक्षणाची देशव्यापी योजना सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक उन्नतीसाठी द्यावेत, असे म्हटले आहे.

तेव्हा साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान आणि गणित यांच्या अध्यापनावर संशोधन करीत आले आहे. चेन्नई येथील भारतीय गणितशिक्षक संघटना १९६५ पासून काम करीत आहे. तिची परिषद भरते, तिचे नियतकालिक निघते. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रदेशाबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही येतात, ही गोष्ट पांढुर्ण्याच्या शिक्षकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. बालभारतीची मराठी गणिताची पुस्तके आणि राष्ट्रीय परिषदेची हिंदी पुस्तके आज दोन्ही विनामूल्य पाहावयास मिळतात. एकाच धड्यासाठी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहणे, एवढा अभ्याससुद्धा या भागातील शिक्षकास पुष्कळ काही शिकवील.

उणीव आहे ती दुसरीच. भोपाळ किंवा दिल्ली येथे तयार झालेला पाठ सर्वांसाठी सारखा असतो आणि तसा तो असणे स्वाभाविक आहे. 'नवासी' ऐकून पांढुर्ण्याचे मूल काय लिहिते, हे त्या पाठात येणार नाही. ते फक्त त्या वर्गातील शिक्षक पाहतो. त्याचे पाहणे दुसऱ्या शिक्षकापर्यंत पोचले नाही, तर ते त्याच्या निवृत्तीबरोबर संपते. वरून येणारे ज्ञान पोचविण्याची व्यवस्था झाली आहे. वर्गातून निघणारे ज्ञान फिरते ठेवण्याची व्यवस्था अजून व्हावयाची आहे.

अशी व्यवस्था होऊ शकते, याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. पांढुर्ण्याहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग बैतूल-इटारसीवरून पुढे होशंगाबादला जातो. त्याच जिल्ह्याला आता नर्मदापुरम म्हणतात. तेथे १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक नवा प्रयोग आरंभिला. १९७८ मध्ये तो सर्व जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. त्या उपक्रमाची ख्याती मुलांनी स्वतः करावयाच्या प्रयोगांसाठी झाली. परंतु त्याचा कणा होता तो शिक्षकांचा मेळावा. उन्हाळी सुटीत शिक्षक एकत्र येऊन मुलांनी करावयाचे प्रयोग आधी स्वतः करीत. पुढे वर्षभर दर महिन्याला परिसरातील शिक्षक बसत आणि कोणता धडा फसला, मुलांनी कोणता अनपेक्षित प्रश्न विचारला, याची मोकळी चर्चा करीत. त्या चर्चेतून पुस्तक सुधारले जाई. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तो विज्ञानाचा होता, गणिताचा नव्हता. तथापि खेड्यातील शाळेचा शिक्षक अभ्यासक्रम घडविण्यात भागीदार होऊ शकतो, हे त्याने ३० वर्षे दाखवून दिले.

पांढुर्णा-सौसर भागात अशी बैठक भरली, तर तेथे काय बोलले जावे? संख्यानामांपासून आरंभ करता येईल. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांनी कोणत्या संख्या चुकून लिहिल्या त्यांची यादी आणावी. दहा शाळांच्या याद्या एकत्र ठेवल्या, म्हणजे चूक मुलाची आहे की नावाची आहे, हे आपोआप उलगडेल.

त्यानंतर अपूर्णांक घ्यावेत. पूर्ण संख्यांच्या नावांत ज्या दोन भाषा इतक्या दुरावतात, त्या अपूर्णांकांत अगदी सख्ख्या बहिणी आहेत. मराठीत सव्वा, हिंदीत सवा. मराठीत दीड, हिंदीत डेढ. येथे अडीच, तेथे ढाई. पावणेदोनचे पौने दो. बाजारात पावणेदोन किलो तोलून घेणाऱ्या मुलाला एक पूर्णांक तीन चतुर्थांश ही राशी अनोळखी नसते. फक्त तिचा पोशाख अनोळखी असतो. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ म्हणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. ते पाठांतर परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. पण साडेतीनास 'औट' असा एकच सुटसुटीत शब्द ज्या भाषेत होता, त्या भाषेतील मुलांनी अपूर्णांकांना भ्यावे, हे विचित्र नव्हे काय?

तिसरा विषय या भूमीतून उगवलेला असावा. संत्र्याची झाडे सहा-सहा मीटर अंतरावर लावावयाची असतील, तर एका हेक्टरात किती बसतील? शेतीच्या पुस्तकात उत्तर २७७ असे मिळते. कारण १०,००० चौरस मीटरांस ३६ ने भागले की तेच येते. आता १०० मीटर लांब व तितकेच रुंद चौकोनी शेत घेऊन कागदावर खरोखर झाडे मांडून पाहावीत. बांधाच्या कडेपासून आरंभ केला, तर एका ओळीत १७ झाडे येतात, तशा १७ ओळी होतात आणि एकूण झाडे २८९ भरतात. चहूकडे तीन मीटरांची जागा सोडली, तर १६ गुणिले १६ म्हणजे २५६ झाडे बसतात. एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत आणि तिन्हींमागे विचार आहे. यांतील कोणते उत्तर केव्हा योग्य, हे बागाईतदाराच्या मुलाला शिक्षकापेक्षाही आधी सुचण्याचा संभव आहे. अशा प्रसंगी जो शिक्षक 'पुस्तकातील उत्तर तेवढे खरे' असे म्हणतो, त्याच्या वर्गात गणित संपते. जो त्या मुलाचे ऐकून घेतो, तो स्वतःही शिकत राहतो.

शाळामास्तराने स्वतः गणित करीत राहावे, याचे मराठी मुलुखातील मोठे उदाहरण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील जागा नाही. पण संख्यांशी खेळण्याचा नाद सुटला नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. श्रोत्यांनी कागद-पेन्सिल घेऊन तो पडताळून पाहावा. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च राहते, आणि कोठूनही निघाले तरी फार तर सात पायऱ्यांत तेथे पोचता येते. देशातील अनेक विद्वानांनी या कामाकडे करमणूक म्हणून पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. प्रत्येक शिक्षक कापरेकर होणार नाही, व्हावयास हवे असेही नाही. परंतु दुसरीतिसरीच्या वजाबाकीत एक अद्भुत गोष्ट दडलेली आहे, हे ज्याने स्वतः करून पाहिले, तो वजाबाकी शिकविताना वेगळ्या स्वरात बोलतो.

वर्षाचे ५० तास धोरणाने सांगितले आहेत. ते सर्व पडद्यासमोर बसून प्रमाणपत्रासाठी भरून काढता येतील. त्यांतील निम्मे तास जनशिक्षा केंद्रातील बैठकीस दिले आणि ती बैठक परिपत्रके वाचून न संपविता मुलांच्या पाट्यांवर चालविली, तर नव्या जिल्ह्यास फार मोठा खर्च न करता एक टिकाऊ गोष्ट लाभेल. वर्षाअखेर त्या चर्चांचा गोषवारा छापून प्रत्येक शाळेत पाठवावा. हिंदीत तर छापावाच, शेजारी मराठी संख्यानामेही द्यावीत. शिक्षकांसाठी पत्र काढण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. १८६१ मध्ये पुण्यात 'मराठी शालापत्रक' निघाले. कृष्णशास्त्री आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ते चालविले.

मग एखाद्या दिवशी त्याच वर्गात शिक्षक पुन्हा 'नवासी' म्हणतील. एखादे मूल थबकेल. शिक्षक काट मारण्याऐवजी विचारतील, "घरी या संख्येला काय म्हणतात रे?" मूल सांगेल, "एकोणनव्वद." शिक्षक फळ्यावर ९० लिहून त्यातून १ वजा करतील, शेजारी ८० लिहून त्यात ९ मिळवतील आणि दोन्हींखाली ८९ लिहितील. तेवढ्या दोन ओळींत त्या मुलाची घरची भाषा आणि शाळेची भाषा एका उत्तरावर येऊन मिळतील, आणि ते मूल कच्चे ठरण्यातून वाचेल.